बशीतलं वर्तुळ आणि कुड्याची साल

हिवाळा सरत आला की विज्ञान महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत प्रकल्पांची घाई सुरू होते. त्यांतल्या काहींचा विषय ठरलेला असतो: अमुक वनस्पतीच्या अर्काची जंतुरोधक क्षमता. पानं आणायची, सावलीत वाळवायची, मिक्सरला लावायची, ती भुकटी मिथेनॉलमध्ये भिजत घालायची, गाळायची आणि द्रावक उडवून टाकायचा. तळाशी काळपट हिरवा, चिकट अर्क उरतो. काचेच्या बशीत आगर ओतून त्यावर जिवाणू पसरायचे, आगरला बारीक गोल भोकं पाडून त्यांत अर्क सोडायचा आणि बशी ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायची. सकाळी बशीभर जिवाणूंचा दुधट थर दिसतो आणि भोकाभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ. पट्टीने त्याचा व्यास मोजला की प्रकल्प पुरा झाला.

हे वर्तुळ बहुतेक वेळा मिळतंच. तुळस घ्या, कडुनिंब घ्या, पेरूचा पाला, हिरडा, डाळिंबाची साल, काहीही घ्या. अशा वर्तुळांवर जगभर हजारो शोधनिबंध छापून झाले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटी या वनस्पतीतून नवं औषध मिळू शकेल अशी आशा व्यक्त केलेली असते. आशा ठेवायला हरकत नाही. पण हिशेब मांडून पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. जिवाणूंच्या संसर्गावर आज डॉक्टर गोळीतून किंवा शिरेतून जी प्रतिजैविकं देतात, त्यांच्या मुख्य गटांपैकी एकही वनस्पतीतून आलेला नाही. पेनिसिलिन बुरशीने दिलं. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन हे मातीतल्या जिवाणूंचं देणं. सल्फा औषधं आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन रसायनशाळेत घडली. एवढी वर्तुळं उमटली, मग औषध कुठे अडलं?

आधी त्या वर्तुळाकडेच जरा संशयाने पाहायला हवं. वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जहाल, असं आपण धरून चालतो. पण आगर हा बहुतांशी पाण्याचाच गोळा. पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ त्यात लांबवर झिरपतो आणि मोठं वर्तुळ उमटवतो. तेलकट पदार्थ कितीही मारक असला तरी भोकाच्या कडेलाच अडून बसतो. म्हणजे पट्टीवरचे मिलिमीटर जितकं मारकपणाबद्दल सांगतात तितकंच झिरपण्याबद्दलही. दुसरी गोष्ट टॅनिनची. हिरडा, जांभूळ, डाळिंब यांच्या सालींत टॅनिन भरपूर असतं आणि ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटून त्याचा साका करतं. चामडं कमावायला सालींचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. जिवाणू त्यात मरतो, पण ते औषधाचं लक्षण नाही. तिसरी गोष्ट द्रावकाची. आजीचा काढा पाण्यात उकळलेला असतो, प्रयोगशाळेतला अर्क मिथेनॉल, क्लोरोफॉर्म नाहीतर हेक्झेनमधला. दोहोंत उतरणारी रसायनं वेगळी असतात. मिथेनॉलच्या अर्काचं वर्तुळ दाखवून काढ्याला विज्ञानाचा दाखला मिळाला असं म्हणणं निव्वळ धूळफेक आहे.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. जिवाणूची वाढ थांबवायला एखाद्या पदार्थाची कमीत कमी किती तीव्रता लागते याला एमआयसी म्हणतात, आणि प्रयोग करणाऱ्याने वर्तुळाऐवजी हा आकडा द्यावा अशी जाणकारांची जुनी मागणी आहे. पेनिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला थांबवायला मिलिलिटरमागे सुमारे ०.०३ मायक्रोग्रॅम पेनिसिलिन पुरतं. वनस्पतींच्या अर्कांचे आकडे अनेकदा मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम किंवा त्याहून वर असतात. तीस हजार पटींहून जास्त फरक. आता हाच अर्क पोटातून द्यायचा झाला तर? प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे चाळीस लिटर पाणी असतं. त्यात मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात अर्क पोचवायचा तर चाळीस ग्रॅम अर्क हवा, तोही आतड्यातून सगळाच्या सगळा शोषला गेला आणि यकृताने त्यातला कणही मोडला नाही तर. चाळीस ग्रॅम अर्कासाठी वाळलेली पानं कित्येक शेकडा ग्रॅम लागतील, आणि हा डोस दिवसातून दोन-तीनदा घ्यावा लागेल. बकरीलाही हे झेपणार नाही. अर्क अशुद्ध असतो, त्याची तुलना शुद्ध पेनिसिलिनशी करणं अन्यायाचं आहे हे मान्य. पण वनस्पतीतला शुद्ध पदार्थ वेगळा काढला तरी आकडा अनेकदा शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास रेंगाळतो.

वनस्पती इतक्या दुबळ्या कशा? त्या दुबळ्या नाहीत, त्यांची लढाई वेगळी आहे. मातीतला जिवाणू शेजारच्या जिवाणूला हुसकावण्यासाठी विष बाहेर सोडतो. ते ओल्या मातीत पसरून पातळ होतं, म्हणून अगदी थोड्या मात्रेत काम करणारं विषच त्याच्या उपयोगाचं. वनस्पतीला जंतूवर दूरवर मारा करायचा नसतो. बुरशी पानात शिरली की त्या जागेच्या पेशी रसायनांनी गच्च भरतात, गरज पडली तर स्वतःही मरतात आणि शत्रूला तिथेच कोंडतात. एका पेशीत साठलेली तीव्रता प्रचंड असते. शिवाय एकाच जहाल विषावर भिस्त ठेवण्याऐवजी वनस्पती दहा-वीस मध्यम विषं एकत्र वापरते. तेव्हा त्यातलं एकेक काढून बशीत टाकलं की ते फिकं वाटतं यात नवल नाही.

लसूण हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्या पेशींत ॲलीन नावाचा गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तोच तो उग्र वास. शेतात हे ठेचण्याचं काम किडीचे दात किंवा बुरशीचे धागे करतात. न्यूयॉर्क राज्यात काम करणाऱ्या कॅव्हॅलिटो आणि बेली या रसायनज्ञांनी १९४४ मध्ये ॲलिसिन वेगळं करून त्याचा जंतुरोधक गुण दाखवला. ते जिवाणूंच्या विकरांतल्या गंधकाच्या टोकांना जाऊन चिकटतं आणि एकदम अनेक विकरं निकामी करतं, त्यामुळे त्याला तोंड देणं जिवाणूंना सोपं जात नाही. बशीत लसूण बाजी मारते. पण जो गुण तिला जहाल करतो तोच आड येतो. गंधकाची टोकं आपल्या रक्तातही जागोजाग आहेत, आणि ॲलिसिन तिथे काही मिनिटांत संपून जातं. कडकडीत तेलात अख्ख्या पाकळ्या टाकल्या तर विकर आधीच मरतं आणि ॲलिसिन तयारच होत नाही. म्हणजे वरणावरच्या खमंग फोडणीचा जंतूंशी काही संबंध उरत नाही, तिचं काम चवीचं आणि ते ती चोख करते. जाता जाता एक सूचना: कच्ची ठेचलेली लसूण त्वचेवर बांधून ठेवू नका. भाजल्यासारखे फोड येतात.

लसणीचीच एक गंमत इंग्लंडमधली आहे. दहाव्या शतकातल्या एका अँग्लो-सॅक्सन वैद्यकग्रंथात डोळ्याच्या रांजणवाडीवर औषध दिलं आहे: लसूण, कांदा किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा, दारू आणि बैलाचं पित्त, हे सगळं पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठात जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एकत्र आल्या, त्यांनी ते कृतीबरहुकूम बनवलं, आणि २०१५ मध्ये जाहीर केलं की मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसलाही हे मिश्रण प्रयोगशाळेत मारतं. घटक सुटे सुटे तपासले तेव्हा एकट्या कोणाला ते पूर्णपणे जमलं नाही. लसणीचा वाटा मोठा होता, पण चिकट थरात दडून बसलेल्या जिवाणूंना गाठायला सगळेच लागले.

'सगळे मिळून' हा प्रकार नेमका कसा चालतो, हे दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांनी दाखवून दिलं. दारुहळद ही आपल्या स्वयंपाकघरातली हळद नव्हे. हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या या काटेरी झुडपाचं लाकूड पिवळंजर्द असतं. त्याचा काढा आटवून केलेलं रसांजन आयुर्वेदात डोळ्यांसाठी वापरतात. तो पिवळा रंग बर्बेरीन या अल्कलॉइडचा. बर्बेरीन जिवाणूच्या आत शिरून त्याच्या डीएनएला चिकटू शकतं, म्हणजे हत्यार चांगलं आहे. पण स्टॅफिलोकॉकसच्या आवरणात नॉरए नावाचा एक पंप असतो. बर्बेरीन आत आलं की तो ते उपसून बाहेर टाकतो. आत साचू दिलं तरच मारणार ना! अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांच्या गटांनी २००० साली दाखवलं की बर्बेरीन असणाऱ्या तिथल्या काही जातींत आणखी एक पदार्थ असतो, मेथॉक्सीहिड्नोकार्पिन. बशीत एकट्याने टाकला तर तो जिवाणूचं काहीच वाकडं करत नाही, वर्तुळ शून्य. पण तो नॉरए पंप बंद पाडतो. पंप बंद झाला की बर्बेरीन आत साचतं आणि जिवाणू संपतो. नुसती वर्तुळं मोजणाऱ्याने हा पदार्थ बिनकामाचा म्हणून केव्हाच फेकून दिला असता.

संपूर्ण वनस्पतीत जे असतं ते शुद्ध घटकात नसतं, असं वैद्य सांगतात त्याला रसायनशास्त्राने दिलेला हा बहुधा सर्वांत भक्कम पुरावा. मात्र त्याचा फार बोभाटा करू नये. जिवाणूचा पंप बंद पाडणारं औषध अजून रुग्णापर्यंत पोचलेलं नाही, कारण असे पदार्थ आपल्या पेशींतले पंपही बंद करू लागतात. आणि प्रत्येक चूर्णात असा मदतनीस दडलेला असेल असं गृहीत धरण्याला कसलाही आधार नाही.

बर्बेरीनची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९८७ मध्ये बांगलादेशातल्या संशोधकांनी पटकी आणि विषारी ई. कोलायमुळे जुलाब होणाऱ्या १६५ प्रौढ रुग्णांवर बर्बेरीनची रीतसर चाचणी घेतली. ई. कोलायच्या रुग्णांना ४०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने जुलाबाचं प्रमाण ठळकपणे घटलं, पटकीच्या रुग्णांत फरक कमी होता. हे घडण्याचं कारण जंतू मेले हे नव्हे. जिवाणूच्या विषामुळे आतडं जे पाणी सोडत राहतं, ते सोडणं बर्बेरीनने कमी केलं. झाडाचा उपयोग झाला खरा, पण आपण बशीत ज्याची वाट पाहत होतो तो हा नव्हता.

अडुळशाचंही तसंच. कुंपणाला लावलेलं हे झुडूप खोकल्यावर पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. त्यातलं व्हॅसिसीन हे अल्कलॉइड एकोणिसाव्या शतकातच ओळखलं गेलं. जंतू मारण्यात अडुळसा साधारणच. पण व्हॅसिसीनच्या रचनेवरून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्याच्याच वंशातून पुढे ॲम्ब्रॉक्सॉल. औषधाच्या दुकानातल्या कफ सिरपच्या बाटलीवरचं लेबल वाचून पाहा, या दोघांपैकी एक नाव अनेकदा सापडेल. घट्ट कफ पातळ करून बाहेर काढायला ती मदत करतात. खोकल्याच्या रुग्णाला अडुळसा देणाऱ्या वैद्याचं निरीक्षण बरोबर होतं, त्याला जंतुनाशकाचं प्रमाणपत्र चिकटवायची गरज नव्हती.

कडुनिंबाचं खरं कसबही किडीच्या बाबतीत आहे. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा टोळांनी आजूबाजूचं सगळं फस्त केलं आणि कडुनिंबाची पानं तशीच सोडली, हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं. बियांमधल्या अझाडिरॅक्टिनमुळे कीटकाची भूक मरते आणि त्याचं कात टाकणं बिघडतं. शेतकरी निंबोळी अर्क फवारतो तो याच्याच जोरावर.

हळदीबद्दल थोडक्यात, कारण तिच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त लिहिलं गेलं आहे. हळदीतलं कर्क्युमिन फोगेल आणि पेलेतिए यांनी १८१५ मध्ये वेगळं केलं आणि ते जिवाणूंना रोखतं हे १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. त्यानंतर कर्क्युमिन ज्या ज्या रोगावर तपासलं त्या त्या रोगाच्या चाचणीत बशीत चमकलं. रसायनशास्त्रज्ञांना याच चमकण्याचा संशय येतो. कर्क्युमिन प्रकाश पडला की स्वतःही चकाकतं, प्रथिनांना वाटेल तसं चिकटतं, धातूंना पकडून ठेवतं. त्यामुळे चाचणीचं यंत्रच फसतं. रक्ताइतक्या आम्लतेच्या द्रावणात ते अर्ध्या तासाच्या आत निम्म्याहून अधिक विघटित होतं आणि पोटातून अनेक ग्रॅम दिलं तरी रक्तात जेमतेम सापडतं. २०१७ मध्ये काही औषधरसायनशास्त्रज्ञांनी या सगळ्याचा सविस्तर पंचनामा केला. हळदीच्या नावाने आपल्याला अभिमान वाटतो तो पेटंटच्या लढाईचा. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेलं पेटंट सीएसआयआरने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. तो विजय खराच होता. पण त्यात सिद्ध झालं ते इतकंच की हे ज्ञान जुनं आहे. हळद जखमेवर किती गुण देते, हा प्रश्न पेटंट कार्यालयाच्या कक्षेतलाच नव्हता.

पेलेतिएचं नाव वर आलंच आहे, तर त्याचं दुसरं काम सांगायला हवं. १८२० मध्ये त्याने कावांतू या सहकाऱ्याबरोबर सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. क्विनीनने हिवतापाचे रुग्ण बरे केले आणि जवळजवळ शतकभर त्याला तोड नव्हती. एकाच माणसाच्या हातून निघालेल्या दोन पदार्थांचं नशीब इतकं वेगळं का? सिंकोनाची साल हिवतापावर चालते हे दक्षिण अमेरिकेत आणि युरोपात रुग्णांवर आधीच दिसलेलं होतं. रसायनशास्त्र नंतर आलं आणि त्याने गुण कशात आहे ते शोधलं.

चीनमध्येही गाडी याच वाटेने गेली. १९६७ मध्ये सुरू झालेल्या हिवतापविरोधी गुप्त प्रकल्पात संशोधक तू योयो यांनी जुन्या ग्रंथांतल्या शेकडो औषधकृती धुंडाळल्या. चिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गं होंगच्या पुस्तकात ती गार पाण्यात भिजवून पिळून काढलेला रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. उष्णतेने गुण जात असेल, हे तू यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि ऑक्टोबर १९७१ मधल्या त्या नमुन्याने हिवताप झालेल्या उंदरांतले परोपजीवी पूर्ण नाहीसे केले. पुढे त्यांनी स्वतः तो घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ चं नोबेल. या सगळ्यात तपासणी आजारी उंदरावर झाली, आगरच्या बशीवर नाही. हा रस्ता रुग्णाकडून रोपाकडे आणि रोपाकडून रेणूकडे जातो. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प मात्र रोपापासून सुरू होऊन बशीत संपतात.

बशीतला गुण रुग्णाला थेट मिळतो अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे शरीराचे पृष्ठभाग. तोंड, त्वचा, आतड्याची पोकळी. इथे पदार्थ रक्तात पातळ व्हायची अट नाही, लागेल तितका दाट लावता येतो. म्हणूनच लवंगेतलं युजेनॉल आजही दंतवैद्याच्या हाताशी असतं. झिंक ऑक्साइडबरोबर कालवून त्याचं तात्पुरतं सिमेंट दातात भरतात. ओव्यातल्या थायमॉलचा इतिहास तर फारच वेधक. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा, तिथे त्यातून थायमॉल काढत. त्याच सुमाराला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर आयोगाने १९०९ पासून अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम चालवली आणि रुग्णांना मुख्यतः थायमॉलच दिलं. कृमी आतड्यात असतात, थायमॉलही आतड्यातच पोचतं. तोंड धुण्याच्या काही द्रावणांत ते आजही आहे.

आणि आता कुडा. सह्याद्रीच्या पानझडी रानात उन्हाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांनी डवरणारं हे झाड. कोकणात त्याच्या फुलांची भाजी करतात. वरून लोंबणाऱ्या लांब, बारीक शेंगांच्या जोड्या, आत कडूजहर बी, ते इंद्रजव. त्याच्या मुळाची आणि खोडाची साल आव पडण्यावर देतात, कुडेपाक, कुटजारिष्ट, कुटजघनवटी ही नावं कोणत्याही आयुर्वेदिक दुकानात ऐकू येतील. या सालीतलं मुख्य अल्कलॉइड कोनेसीन. आमांशाच्या अमिबाला ते मारतं हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत आणि इतरत्र तपासलं गेलं. कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कुड्याची अल्कलॉइडं बिस्मथ आयोडाइडबरोबर जोडून केलेलं औषध काही काळ दवाखान्यांत वापरात होतं. त्याआधी आमांशावर हुकमी उपाय म्हणजे एमेटिनची सुई. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये ती कलकत्त्यातच रूढ केली होती आणि एमेटिनही ब्राझीलच्या एका झुडपाच्या मुळातलं. पण एमेटिन हृदयाला घातक ठरे. कोनेसीनच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांना झोप न लागणं, अस्वस्थता, भ्रम असे त्रास होत. १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आलं आणि दोघेही मागे पडले. मेट्रोनिडॅझोलची रचना सुचली ती ॲझोमायसिन या मातीतल्या जिवाणूच्या उत्पादनावरून, म्हणजे शर्यत इथेही मातीनेच जिंकली.

तरीही कुडा निकालात निघालेला नाही. थायलंडमधल्या संशोधकांनी अलीकडे कोनेसीनकडे दुसऱ्या नजरेने पाहिलं. त्यांना ते स्यूडोमोनाससारख्या चिवट जिवाणूचा पंप अडवताना दिसलं, म्हणजे निकामी ठरलेल्या प्रतिजैविकाला ते मदत करू शकेल. प्रयोगशाळेपुरतं आहे हे, पण प्रश्न चांगला विचारला आहे.

कुड्याच्या बाबतीत रसायनाआधी अडतं ते ओळखीपाशी. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन वेगवेगळ्या प्रजातींची झाडं. काळ्याच्या लाकडाची चन्नपट्टणला खेळणी होतात, त्याच्या शेंगांची जोडी टोकाला जुळलेली असते आणि त्याचं बी गोडसर लागतं, म्हणून बाजारात तो गोडा इंद्रजव. सालीत कोनेसीन भरपूर असतं ते पांढऱ्यात. पण साल काढून वाळवली की दोन्ही सारख्याच दिसतात आणि व्यापारात सर्रास मिसळतात. जी पिशवी विकत आणून प्रयोग केला ती नक्की कशाची होती, हे निबंध लिहिणाऱ्याला सांगता आलं नाही तर पुढचे सगळे आकडे वाया गेले.

ओळखीची चूक किती महाग पडते हे करोनाच्या काळात दिसलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलीच्या जवळच्या नात्यातली दुसरीच असू शकेल. वादात कोण बरोबर यापेक्षा मला एक गोष्ट बोचते: वेल कोणती होती हे ठामपणे सांगायला तिचा नमुनाच नीट जपलेला नसेल, तर हा वाद मिटणार तरी कसा?

म्हणून प्रकल्प घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती. पालेभाजीच्या गाडीवरून किंवा काष्ठौषधींच्या दुकानातून माल आणू नका. झाडापाशी जा, फुलाफळासह फांदी तोडा, दाबून वाळवा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात दाखवून तिची ओळख पक्की करून घ्या. नमुन्याचा क्रमांक निबंधात लिहा. अर्काबरोबर नुसत्या द्रावकाचं भोकही ठेवा, त्याचं वर्तुळ किती येतं ते छापा. एमआयसी काढा आणि ती मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या वर गेली तर 'प्रभावी' हा शब्द खोडा. पाण्यातला काढाही तपासा, कारण लोक पितात तो तोच. आणि जमलं तर तोच अर्क माणसाच्या पेशींवर घालून पाहा, जिवाणूंबरोबर त्याही मरत असतील तर ते आधी कळलेलं बरं.

बाकीच्या वाचकांसाठी इतकंच: आव रक्तासह पडत असेल, ताप असेल, मूल मलूल झालं असेल, तर कुडेपाकाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तोवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा.